बारावीला गणित राहिलं, घरात आजारपण. जुलैला बसू का ड्रॉप घेऊ? (तासगाव)

बागेतली_पोर
नमस्कार सगळ्यांना. धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी तासगाव तालुक्यातल्या एका गावातली. यंदा बारावी सायन्स दिली, परवा निकाल लागला आणि गणित राहिलं. फिजिक्स ४४, केमिस्ट्री ४३, बायो ५८, गणित २९. इंग्लिश मराठी बरे आहेत. दहावीला ८८ टक्के होते म्हणून पाहुण्यारावळ्यांना धक्का बसलाय, मला नाही बसला, पेपर कसे दिलेत ते माझं मला माहिती.

जानेवारीत पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. आधी मिरजेत ॲडमिट होते मग घरी आणलं. दीड एकर द्राक्षबाग आहे, माल ऐन तोडणीला आलेला आणि घरात माणूस आजारी म्हटल्यावर व्यापारी रोज फोन करून भाव पाडायला लागला, शेवटी आईनं ठरवलं की बेदाणाच करायचा. मग आई शेडवर आणि मी पप्पांजवळ. त्यांना उठवून बसवायचं, फिजिओथेरपीवाले दादा दाखवून गेले तसा हात खांद्यापासून फिरवून घ्यायचा, बोटं एकेक करून सरळ करायची, औषधं, जेवण भरवणं. आज्जीला आता दिसत नाही नीट, भाऊ आठवीत. रात्रीची लाईट असली की थ्री फेज आल्यावर मोटर चालू करायला पण मीच जायची, तिथं स्टार्टरच्या पेटीजवळ बल्बखाली इंटिग्रेशन करत बसायची, पण पाणी कुठं फुटलंय का बघायला उठावंच लागायचं त्यामुळे एक गणित कधी सलग झालं नाही.

आता प्रश्न असा की जुलैच्या पुरवणीला फक्त गणित द्यावं का एक वर्ष ड्रॉप घेऊन फेब्रुवारीला निवांत बसावं? मला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ४५ टक्के लागतात म्हणजे ३०० पैकी १३५, माझे फिजिक्स केमिस्ट्री मिळून ८७ होतात, म्हणजे गणितात ४८ पाडावे लागणार, २९ वरनं ४८ दीड महिन्यात मला अवघड वाटतंय. सीईटी (इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) दिलीय, निकाल यायचाय. चुलते म्हणतात बीएला नाव घाला आणि एक स्थळ आलंय ते बघून घ्या. आई काहीच बोलत नाही.

सांगली_लोकल
आधी फॉर्म भर, चर्चा काय होत राहील. पुरवणीचे फॉर्म निकालानंतर लगेच सुरू होतात, मोजके दिवस असतात, मग लेट फी. २०२५ ला निकाल ५ मेला लागला आणि पुरवणीचे पेपर २४ जूनपासून सुरू पण झाले, त्यामुळे जुलै जुलै म्हणत बसलीस तर गाडी निघून जाईल. फॉर्म तुझ्या ज्युनिअर कॉलेजमधूनच भरायचा. बाकी विषय निघालेत त्यांना सूट मिळते, एकटं गणित द्यायचं. कुणीतरी १७ नंबर भर म्हणून सांगेल, तो बाहेरून बसणाऱ्यांचा असतो, तुला लागत नाही.

खानापूरकर_आबा
पोरी वाईट वाटलं वाचून. माझं मत विचारशील तर जुलैला गणित काढ आणि जवळच्या कॉलेजात बीएस्सीला ॲडमिशन घे. रोज जाऊन येऊन होईल, एसटीला बायकांना अर्धंच तिकीट आहे, आईला हातभार राहील. इंजिनिअर होऊन पुण्यात पंधरा हजारावर राबणारी पोरं आमच्या गावात पण आहेत. घरचा कर्ता माणूस आडवा पडल्यावर आपल्या हौसेला जरा मुरड घालावी लागते.

साताऱ्याची_मावशी
आबा, बीएस्सीचं म्हणणं पटलं पण शेवटचं वाक्य नाही पटलं. आठवीतल्या भावाला चार वर्षांनी हेच सांगाल का हो?

आणि पोरी तुला एक सांगते, घरात बसून ड्रॉप अजिबात घेऊ नकोस. मी शाळेत नोकरी केली, डोळ्यांनी बघितलंय. गावात पोरगी ड्रॉप घेते म्हणजे घराला बिनपगारी माणूस मिळतं. पहिला महिना सगळे म्हणतात अभ्यास कर बाई, मग पाहुणे आले चहा ठेव, मग आज्जीला दवाखान्यात घेऊन जा, मग विरळणीला बाया कमी आहेत चल, आणि दिवाळी झाली की घरी बसलीच आहे तर बघायचा कार्यक्रम करून टाकू. वाईट कुणाच्याच मनात नसतं. पण नुसत्या पुस्तकापुढं बसलेल्या पोरीला कुणी कामात आहे असं समजत नाही. तुला सकाळी कुठंतरी जायचंय, हजेरी लागतेय, असं काहीतरी पाहिजे.

खानापूरकर_आबा
मावशी, आईबाप काय हौसेनं पोरींना कामाला लावतात का? बाया ४०० रुपये हजेरी मागतात आणि तरी येत नाहीत. बाग सोडून द्यायची का? बँकेचं कर्ज बागेवरच असतं.

साताऱ्याची_मावशी
बाग सोडा कोण म्हणतंय. बाग यंदा वाट्यानं द्या म्हणतेय. चुलत्यांना स्थळ बघायला वेळ आहे ना, मग बाग बघू देत.

बेदाणा_किंग
मावशींनी बरोबर नस पकडली 😄 मी कवठेमहांकाळचा, आमची पण बाग आहे. ताई, एप्रिलची खरड छाटणी झालीय का तुमची? झाली असेल तर आत्ता फुटव्यांची विरळणी, सबकेन, शेंडा मारणे, हे सगळं मे जूनमध्येच येतं, म्हणजे बरोब्बर तुझ्या परीक्षेच्या अभ्यासात. आणि पुढची ऑक्टोबर छाटणी धरली तर माल परत फेब्रुवारी मार्चलाच निघणार, म्हणजे बोर्डाच्या पेपरातच. ड्रॉप घेऊन फेब्रुवारीला निवांत बसावं म्हणतेस, पण द्राक्षवाल्याच्या घरात फेब्रुवारी निवांत असतो का कधी? उलट जुलै बरा, पाऊस लागला की बागेत फवारणी सोडली तर तेवढी कामं नसतात.

सांगली_लोकल
हा पॉइंट भारी आहे. आम्ही सगळे एक वर्ष जास्त म्हणजे जास्त अभ्यास असं धरून चाललोय.

कराड_मेकॅनिकल
ताई थांब जरा, तुझा ४८ चा हिशोबच परत मांडू.

इंजिनिअरिंगच्या पात्रतेत फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन कम्पल्सरी, तिसरा विषय केमिस्ट्रीच पाहिजे असं नाही. केमिस्ट्री किंवा बायोलॉजी किंवा आयटी, कॉम्प्युटर सायन्स, व्होकेशनल अशी यादीच दिलेली असते सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत. तुझं बायो ५८ आहे. फिजिक्स ४४ + बायो ५८ = १०२. १३५ ला किती कमी? ३३. आणि गणितात पास व्हायलाच ३५ लागतात. म्हणजे तू नुसती पास झालीस तरी १३७ होऊन ४५ टक्क्याच्या वर जातेस.

दुसरं, ४५ ही ओपनची अट. मागासवर्ग, एसईबीसी, ईडब्ल्यूएस यांना ४० टक्के आहे. यातला कुठला दाखला तुम्हाला निघत असेल तर आत्ताच सेतूत अर्ज टाकून ठेव, ॲडमिशनच्या टायमाला तिथं जत्रा असते.

तिसरं, बारावीचे मार्क एवढ्यापुरतेच. मेरिट सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागतं. त्यामुळे बारावीला ५० आणि ९० यात कॅपमध्ये (ॲडमिशनच्या सरकारी राऊंडमध्ये) फारसा फरक नाही, मुख्य म्हणजे पात्र आहे का नाही ते बघतात.

बागेतली_पोर
दादा हे खरं आहे का?? कॉलेजमध्ये आम्हाला सगळे पीसीएम पीसीएमच म्हणत होते. मी तर बायो सोडून द्यायची होते अकरावीला, मैत्रीण होती म्हणून ठेवलं.

कराड_मेकॅनिकल
खरं आहे. माझ्या वर्गात आयटीच्या मार्कांवर पात्र झालेले होते. सीईटी सेलच्या साइटवर पुस्तिका मिळते, पात्रतेचं पान काढून स्वतः वाच, आणि त्याची प्रिंट काढून चुलत्यांना पण दे 😀

गणिताचे_सर
मी वाळवा तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो. वरचा हिशोब बरोबर आहे. तर आता लक्ष्य ४८ नाही, ३५ च्या पुढं सुरक्षित अंतर ठेवायचं, म्हणजे ५० च्या तयारीनं जायचं आणि ४० ला काही धोका नाही असं बघायचं.

पेपर ८० चा. त्यात सेक्शन ए २० मार्कांचा, ८ एमसीक्यू दोन दोन मार्कांचे आणि ४ प्रश्न एकेक मार्काचे. तो आधी ताब्यात घे. सगळं पुस्तक परत पहिल्या पानापासून सुरू करू नकोस, बहुतेक रिपीटर तिथंच अडकतात, ट्रिग्नोमेट्रीत महिना जातो आणि मग पेपर येतो. मॅथेमॅटिकल लॉजिक, मॅट्रायसेस, लिनिअर प्रोग्रामिंग, हे तीन धडे मागचं फारसं काही न येता करता येतात. भाग २ मधून प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन आणि बायनोमिअल. मग डिफरन्सिएशन, कारण ते आलं तर ॲप्लिकेशन्स आणि डिफरन्शियल इक्वेशन दोन्हीत हात चालतो. इंटिग्रेशन सगळ्यात शेवटी, आणि त्यातलं डेफिनिटचं प्रॉपर्टीवालं आधी. व्हेक्टर, लाइन प्लेन जमलं तर बघ, नाही जमलं तर सोडून दे, वाईट वाटून घेऊ नकोस.

एकेक गणित सलग होत नाही म्हणालीस ना, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लिनिअर प्रोग्रामिंगचा आलेख मध्येच उठून आलं तरी पुढं चालू करता येतो, इंटिग्रेशन नाही. तुटक वेळेत ते धडे कर आणि जो काही सलग दोन तास मिळेल तो डेरिव्हेटिव्हला ठेव.

पेठेतला_पव्या
उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव ना. मार्क कमी दिले असतील.

गणिताचे_सर
मागवू शकते. छायाप्रतीला विषयाला ४०० रुपये, पुनर्मूल्यांकनाला वेगळे ३००, आणि छायाप्रत हातात आल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही. सहा मार्क कमी आहेत, एखादं अख्खं उत्तर तपासायचं राहिलं असेल तर निघतील, नाहीतर नाही. तिला पेपर कसा गेला ते माहिती आहे असं ती स्वतःच म्हणतेय, मी असतो तर त्या ७०० रुपयांचे मागच्या प्रश्नपत्रिकांचे संच आणि कोरे कागद घेतले असते. बाकी मर्जी.

रिपीटर_भाऊ
मी सातारचा. सगळं वाचलं, माझं पण टाकतो कारण श्रेणीसुधार आणि पुरवणी यात लोकांचा लय गोंधळ असतो.

मी पास झालो होतो सगळ्या विषयात, पण मार्क एवढे कमी की ग्रुपचे टक्के भरत नव्हते आणि आमच्याकडं बायो आयटी काही नव्हतं. त्या वर्षी वडील वारले. मला श्रेणीसुधार योजनेतून परत बसता आलं. ती एकाच वेळी सगळ्या विषयांसह पास झालेल्यांसाठी असते, पास झाल्यावर पुढच्या लगतच्या तीन परीक्षांपर्यंत संधी असते. बागेतल्या ताईचा विषय राहिलाय म्हणजे तिला हे लागू नाही, तिनं सरळ पुरवणीच द्यायची.

दुसरं म्हणजे गॅपचं लोक उगाच भ्या घालतात. गॅपचं प्रतिज्ञापत्र करून दिलं की ॲडमिशनला कोण काय विचारत नाही. मी दिवसा मोबाईलच्या दुकानात कामाला होतो आणि संध्याकाळी गावच्या अभ्यासिकेत. तिथं सगळी एमपीएससीची दाढीवाली मंडळी, बारावीचा मी एकटा. त्यांच्यातल्याच एकानं मला डेरिव्हेटिव्ह शिकवलं. घरी अभ्यास झाला नसता, घरी आई रडायची आणि मी पण.

आबांच्या बीएस्सीला माझा विरोध नाही. आमच्याकडं रयतच्या कॉलेजात कमवा आणि शिका मधून शिकलेले लय जण आहेत, आपली काही हौस गेली असं त्यातलं कुणी म्हणत नाही.

बागेतली_पोर
फॉर्म भरला!! आज कॉलेजला जाऊन आले. सगळ्यांचे मनापासून आभार, मला एवढ्या प्रतिक्रिया येतील वाटलं नव्हतं.

आईला कराडच्या दादांचा हिशोब वहीवर मांडून दाखवला, ४४ + ५८ + ३५. आई सातवी शिकलेली आहे, तिनं स्वतः परत बेरीज केली आणि म्हणाली मग एवढंच राहिलंय होय. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्या शिक्षणावर काहीतरी बोलली.

बागेचं पण निघालं. चुलते वाट्यानं करायला तयार नाहीत, म्हणतात घरच्या घरात वाटा कसला, लोक काय म्हणतील. मग आईनं मामाला फोन लावला. मामा पलूसचा, ऊसवाला, द्राक्षातलं त्याला ओ की ठो कळत नाही पण जूनपर्यंत तो येऊन जाऊन बघतो म्हणालाय, औषधाचं शेड्यूल आमचे दुकानवाले लिहून देतात. रात्रीची मोटर आता भाऊ आणि मामा.

बेदाणा_किंग
मामाला सांग पाऊस उघडला की डावणी आणि करपा हे रोग बघत जा, पानाच्या मागं. फोटो टाकायचा असेल तर मला पाठव, फुकट सल्ला 😄

खानापूरकर_आबा
छान झालं पोरी. मामा खरा. आणि मावशी, मी काय भावाला वेगळं सांगणार नव्हतो, पण असू दे.

साताऱ्याची_मावशी
असू दे आबा. पोरी, पप्पांचं कोण बघतंय आता दिवसभर? त्याचं काही लिहिलं नाहीस.

बागेतली_पोर
पप्पांचं मीच मावशी. ते मला दुसऱ्या कुणावर टाकायचं नाहीये. आता ते काठी धरून उंबऱ्यापर्यंत येतात. सकाळी त्यांचा व्यायाम झाला की आठ ते दहा मी आणि ते एकाच खोलीत, मी गणित सोडवते आणि ते डाव्या हातानं पाटीवर आकडे काढतात, थेरपीवाल्या दादांनीच सांगितलंय. त्या दोन तासात आम्हाला कुणी हाक मारायची नाही असं आईनं आज्जीला बजावलंय, आज्जी तरी मारतेच.

कराड_मेकॅनिकल
एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नंतर हिरमोड नको. पुरवणीचा निकाल जुलैअखेर येतो आणि तोपर्यंत कॅपचे राऊंड सुरू झालेले असतात, २०२५ ला तसंच झालं होतं. तेव्हा यंदाच इंजिनिअरिंग मिळेल या हिशोबानं अभ्यास करू नको. यंदा गणित निघालं की बारावीचं प्रकरण बंद. पुढच्या वर्षी नुसती सीईटी परत द्यायची, कारण यंदाचा स्कोअर पुढच्या वर्षी चालत नाही. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, अकरावीचं २० टक्के आणि बारावीचं ८० टक्के येतं.

आणि घाई असेल तर पॉलिटेक्निकचा रस्ता पण बघ. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट ॲडमिशन असते, मिरजेला आणि कराडला दोन्हीकडं शासकीय तंत्रनिकेतन आहे. दोन वर्षांत डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथं सीईटी लागत नाही, डिप्लोमाचे मार्क बघतात. मिरज तुला घरून जाऊन येऊन होईल.

सांगली_लोकल
+१ पॉलिटेक्निकला. आमच्यात डिप्लोमावाली पोरं प्रॅक्टिकलला आमच्यापेक्षा कधी पण पुढं, फक्त एम थ्रीला (दुसऱ्या वर्षाच्या गणिताला) रडतात.

फीचं पण लक्षात ठेव. २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सला मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, उत्पन्न ८ लाखाच्या आत आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी असेल तर. ॲडमिशन कॅपमधून पाहिजे. म्हणजे तो दाखला नुसत्या ४० टक्क्यासाठी नाही. उत्पन्नाचा दाखला पण लागेल.

बागेतली_पोर
दाखल्यांचे अर्ज टाकलेत. तलाठी भाऊसाहेब पप्पांच्या ओळखीचे निघाले, त्यांनी घरी येऊन पप्पांची सही, म्हणजे अंगठा घेतला.

सीईटीचा निकाल लागला, ७१ पर्सेंटाइल. पुढच्या वेळी वाढवीन.

साताऱ्याची_मावशी
आणि स्थळाचं काय झालं?

बागेतली_पोर
स्थळवाल्यांना आज्जीनंच सांगितलं की पोरगी नापास झालीय, आता तिला परत परीक्षा द्यायचीय 😂 ते परत आलेच नाहीत. चुलते बोलत नाहीयेत आमच्याशी.

रिपीटर_भाऊ
😂😂 आज्जीचा सत्कार करा कुणीतरी

बागेतली_पोर
आज पेपर झाला. लॉजिक आणि मॅट्रायसेस दोन्ही आले, लिनिअर प्रोग्रामिंग आलं, बायनोमिअलवर पण आलं. सेक्शन ए मधले दोन एमसीक्यू अंदाजे ठोकलेत बाकी नीट. इंटिग्रेशनचं एक अर्धवट राहिलं, सर. माझ्या हिशोबानं ८० पैकी ४२-४३ चा लिहिलाय, त्यातले किती देतील बघू.

निकालापर्यंत मी गावातच एका क्लासला पाचवी सहावीच्या पोरांना शिकवायला जातेय, महिन्याला अडीच हजार देतो म्हणालेत. निकालानंतर आधी मिरजेच्या डिप्लोमाचं बघणार, नाही झालं तर बीएस्सीला ॲडमिशन घेऊन सीईटी. घरी बसणार नाही मावशी.

गणिताचे_सर
अर्धवट इंटिग्रेशनला स्टेपचे मार्क मिळतात. ४३ चा लिहिला असेल तर काळजी नको. निकाल इथंच टाक.

नीट_२०२७
मी जतची आहे, माझं केमिस्ट्री राहिलंय आणि बायो ग्रुप आहे, नीटला पण तिसरा विषय बदलता येतो का?

कराड_मेकॅनिकल
नाही, नीटला फिजिक्स केमिस्ट्री बायो तिन्ही लागतात, तिन्ही मिळून ओपनला ५० टक्के आणि राखीवला ४०. तू वेगळा धागा काढ, सगळे मार्क लिही त्यात, इथं मिसळलं तर कुणाचं उत्तर कुणाला ते कळणार नाही.